चंदेरी: रंग, गाव की साडी? आजीच्या वहीतल्या एका ओळीबद्दल

थोरली:

नमस्कार मंडळी,

प्रश्न एका शब्दाचा आहे, पण त्या शब्दावर आमच्या घरातली एक गोष्ट अडून बसली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी आजी, आईची आई, मागच्या मार्गशीर्षात गेली. एक्याण्णव वर्षांची होती. तिच्यामागे एक पत्र्याची पेटी आणि लाल कापडी बांधणीची एक वही. वहीत धोब्याचा हिशोब, लिंबाच्या लोणच्याचं प्रमाण, कुणाच्या लग्नात काय आहेर केला ते, आणि शेवटच्या चार पानांवर "माझ्यामागे" असं लिहून वाटण्या. पाटल्या कुणाला, पितळी डबे कुणाला, सगळं स्वच्छ लिहिलंय. साड्यांच्या पानावर मात्र एवढीच ओळ आहे: "चंदेरी धाकटीला. बाकी दोघींनी समजुतीने." धाकटी म्हणजे माझी बहीण.

आता पेटीत दोन साड्या अशा आहेत की दोन्हींना हा शब्द लावता येतो.

एक नऊवारी आहे. बदामी रंग, अंगभर नखाएवढ्या गोल सोनेरी बुट्ट्या, काठ जेमतेम दोन बोटं. नऊ वार असूनही हातात घेतली तर वजन जाणवत नाही. एक पदर डोळ्यांसमोर धरला तर खिडकीचे गज दिसतात.

दुसरी सहावारी. सगळं अंग चांदीच्या रंगाचं, चकचकीत, चांगली जड. कुणालाही दाखवली तर तो म्हणेल, ही चंदेरी.

मामी म्हणते यात विचारायचं काय, चंदेरी म्हणजे चांदीसारखी, ती चकचकीत धाकटीची. धाकटी म्हणते मला कुठलीही चालेल, पण आजीने जे लिहिलं तेच व्हायला हवं. आणि माझं मन त्या बदामी साडीकडे ओढ घेतं, कारण आजोबा रेल्वेत गार्ड होते आणि १९५४ ते १९६३ ही नऊ वर्षं त्यांचं बिऱ्हाड मध्य प्रदेशात बीना जंक्शनला होतं. आजीच्या तोंडी "बीनाला असताना" हे कायम असायचं. चंदेरी गाव त्याच बाजूला कुठेतरी आहे एवढं मला ठाऊक आहे. पण मीच थोरली, ती बदामी साडी मलाही आवडते, तेव्हा माझ्या मनाचा कौल मी धरणार नाही. म्हणून इथे विचारते आहे.

दुसरा प्रश्न बदामी साडीचाच. तीन वर्षांपूर्वी भाच्याच्या मुंजीसाठी मी ती एका लॉन्ड्रीत पॉलिशला दिली होती. कडक खळ आणि कडक इस्त्री होऊन परत आली आणि पुढच्या वर्षी उघडली तर घडीच्या रेषेवर वीतभर उसवल्यासारखी फाटलेली. आजीने पाहिलं आणि काही बोलली नाही. ते माझ्या जिवाला लागून राहिलंय. यावर काही करता येईल का?

---

बुट्टी:

ताई, आधी आजींना नमस्कार. अशी वही घरात असणं हेच केवढं.

वर्णनावरून बदामी साडी चंदेरीच वाटते. गोल नाण्यासारखी बुट्टी म्हणजे अशर्फी बुट्टी, तिकडची जुनी ओळख. पण नुसत्या वर्णनावर जाऊ नका. भिंग घ्या आणि दोन्ही साड्यांची उलटी बाजू पाहा.

हातमागावर प्रत्येक बुट्टीला जरीची स्वतंत्र छोटी तिल्ली, म्हणजे जर गुंडाळलेली काडी, असते. विणकर ती बुट्टीच्या कडेपर्यंत नेतो आणि तिथूनच परत वळवतो, त्यामुळे जर बुट्टीच्या बाहेर जातच नाही. उलट बाजूने बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं. यंत्रमागावर जर या काठापासून त्या काठापर्यंत सरळ धावते आणि मधली मागाहून कापून टाकतात. मग प्रत्येक बुट्टीच्या दोन्ही बाजूंना मिशांसारखी कातरलेली टोकं राहतात. एकदा पाहिलंत की पुन्हा फसणार नाही. माझ्याकडे या कामाच्या अकरा साड्या आहेत, त्यातली एक मी अशीच डोळे झाकून घेतली आणि घरी येऊन उलटी केल्यावर रडले होते.

घडीवर साडी फाटते ती रेशमामुळे. चंदेरीत उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा. त्या रेशमाचा नैसर्गिक डिंक काढून टाकत नाहीत. झळाळी आणि आरपार दिसणं त्यामुळेच येतं, पण डिंक असलेला धागा वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिला की तिथेच कडकडीत होतो. वर खळ घातली म्हणजे मोडायला निमित्तच. साडी बासनात गुंडाळा, जुन्या धुतलेल्या मलमलीत. दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. डांबरगोळ्या जरीजवळ अजिबात नकोत.

---

शब्दखूण:

शब्दाबद्दल मला जे वाटतं ते सांगतो.

मराठीत गावाच्या नावावरून वस्त्राचं नाव पाडायचं तर शेवटी "ई" लागते. पैठणची पैठणी, बनारसची बनारसी, महेश्वरची महेश्वरी, जोधपूरचा जोधपुरी कोट. ऐकल्याबरोबर गाव वेगळं आणि वस्त्र वेगळं कळतं. चंदेरी गावाच्या नावातच शेवटी "ई" आहे. मग वस्त्राला आणखी काय लावणार? ती ई तिथेच मुरून गेली आणि गाव-वस्त्र एकच शब्द झाले. असंच पटियालाचं आहे. सलवारीलाही पटियालाच म्हणतात, कारण तिथे कुणी ई लावलीच नाही.

आता रंगाचा चंदेरी. सोने या शब्दाला "री" लागून सोनेरी, रुपे ला री लागून रुपेरी. दोन्ही मूळ शब्दांच्या शेवटी ए आहे, म्हणून रूप सरळ बसतं. चांदीला तोच प्रत्यय लावा, चांदीरी होईल. "दे" मधला ए कुठून आला? माझं मत असं की सोनेरी-रुपेरीच्या चालीवर तो आला, आणि कानावर आधीपासून असलेल्या गावाच्या, साडीच्या नावाने त्याला हात दिला. आज आपण चंदेरी दुनिया, चंदेरी केस, चंदेरी चांदणं असं इतक्या सहज म्हणतो की शब्द रंगाचाच वाटतो. पण जुन्या पिढीतल्या बायका चांदीच्या रंगाला रुपेरीच म्हणत. माझी आई रुपेरी काठ म्हणायची, चंदेरी काठ तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

म्हणून ताई, माझी एक विनंती. आजींची वही पुन्हा पहिल्यापासून वाचा. धोब्याचा हिशोबसुद्धा सोडू नका. चांदीच्या रंगाची एखादी वस्तू त्यांनी कुठेतरी लिहिलीच असेल. तिथे त्यांनी कोणता शब्द वापरला ते बघा. शब्दकोशापेक्षा त्यांचा स्वतःचा हात जास्त खरा.

---

रानवाट:

विषयाला थोडं सोडून, पण चंदेरी म्हटलं की आम्हा भटक्यांना बदलापूर-वांगणीच्या बाजूचा चंदेरीचा किल्ला आधी आठवतो. कर्जत लोकलच्या खिडकीतून त्याचा उभा कातळ दिसतो. पावसाळ्यात तिथे अजिबात जाऊ नये, कातळ फार निसरडा होतो. साडीशी त्याचा काही संबंध नाही, पण तुमच्या प्रश्नामुळे कळलं की हा एकच शब्द आपण किती वेगवेगळ्या अर्थांनी बोलतो.

---

मुंगावलीकर:

ताई, तुमच्या धाग्यात बीना वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. बीनाहून गुन्याकडे जाणाऱ्या लाइनवर आमचं मुंगावली. चार पिढ्यांपूर्वी आमचे लोक शिंद्यांच्या चाकरीत तिकडे गेले ते तिथलेच झाले. माझी आत्या चंदेरीत दिली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी महिना-महिना तिच्याकडे असायचो. आता मी पुण्यात मुलाकडे राहतो, पण डोळे मिटले की ती गल्ली दिसते.

आधी गावाबद्दल. चंदेरी आज मध्य प्रदेशात, अशोकनगर जिल्ह्यात आहे. ललितपूरहून आलात तर वाटेत राजघाटला बेतवा ओलांडायची. चहूकडे डोंगर, वर किल्ला, खाली तटबंदीच्या आत गाव. माळव्याच्या सुलतानांनी इथे फार बांधलं. महमूद खिलजीने १४४५ मध्ये सुरू केलेला कोशक महाल अजून उभा आहे. बादल महाल दरवाजा तर अजबच आहे. उंच देखणी कमान, दोन्ही बाजूंना बुरूज, आणि मागे महाल नाही. नुसता दरवाजा आणि त्यातून दिसणारं आभाळ. लहानपणी मला वाटायचं, म्हणूनच त्याला बादल महाल म्हणत असतील. आणखी एक काटी घाटी आहे, डोंगरच चिरून काढलेली वाट आणि त्याच खडकात कोरून काढलेला दरवाजा.

जानेवारी १५२८ मध्ये बाबराने किल्ला घेतला. चंदेरीचा राजा मेदिनीराय लढत मेला आणि गडावरच्या बायकांनी जोहार केला. त्याचं स्मारक वर आहे. आत्या दर वर्षी तिथे एक नारळ ठेवायची. मी तिला विचारलं होतं, आपण तर मराठे, आपला काय संबंध? म्हणाली, बायकांचा संबंध असतो रे.

१८११ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेने, फिलोस नावाच्या सरदाराने, चंदेरी घेतली आणि तिथून मराठी घरांचा आणि चंदेरीच्या कापडाचा संबंध घट्ट झाला. त्याआधीही पागोट्यांचं तलम कापड आपल्याकडे जायचंच. पण पुढे ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, नागपूर या सगळ्या घराण्यांत लुगडं म्हटलं की चंदेरी आलीच. गिरणीचं सूत येऊन हाताने कातणारे बसले तेव्हा धंदा मोडायला आला होता. १९१० मध्ये शिंदे सरकारने तिथे विणकामाची शिक्षणशाळा काढली. उभ्या धाग्याला रेशीम आलं ते त्यानंतर. त्याआधी चंदेरी उभी-आडवी सगळी सुताचीच असायची. इतकं बारीक सूत की कोलीकंदा नावाच्या कंदाची खळ देऊन ते मागावर चढवत. मूळ रंग पांढराच, न धुतलेल्या कापसाचा. फार तर केशरात बुडवलेला. बदामी हा त्याच्या अगदी जवळचा रंग.

आत्याच्या घरासमोर एक विणकर कुटुंब होतं. ओसरीवरच मागाचा खड्डा, खड्ड्यात पाय सोडून काका विणायला बसायचे. एक साडी संपली की पुढची, असं ताणा, म्हणजे मागावर चढवलेले उभे धागे, संपेपर्यंत चालायचं. ताणा संपला की काकू आणि तिची सून मागाजवळ समोरासमोर बसत. जुन्या ताण्याची राहिलेली टोकं एका बाजूला, नव्याची दुसऱ्या बाजूला. बोटाला चिमूटभर राख लावायची, जुनं एक टोक, नवं एक टोक, पीळ देऊन सोडून द्यायचं. गाठ नाही, नुसता पीळ. असे हजारो धागे. मी दोन दिवस त्यांच्याजवळ बसून मोजत राहिलो होतो, बाराशेपर्यंत पोचलो आणि झोपलो. उठलो तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या आणि दिवा लागला होता.

त्या खड्ड्यातून बाहेर आलेली साडी धुवायची नाही, कांजी करायची नाही. कात्रीने मागावरून कापली की घडी घालून गिऱ्हाइकाच्या हातात. म्हणून नव्या चंदेरीला एक वास असतो, कच्च्या रेशमाचा आणि थोडा राखेचा. तुमच्या आजींनी घेतली असेल तेव्हा तिला तो नक्की असणार.

आणि बीनाची गोष्ट. आमच्या बाजूला फेरीवाले चंदेरीचं गाठोडं घेऊन स्टेशनांच्या गावी जात. रेल्वे क्वार्टर त्यांची हक्काची जागा, कारण तिथे मराठी, बंगाली, मद्रासी सगळ्या घरच्या बायका आणि महिन्याचा पगार बांधलेला. आमच्या आईनेही मुंगावलीला दारातच घेतली होती, हप्त्याने. नऊवारी मागितली तर विणून आणून देत.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. चंदेरीत टिशूही होतं. आडव्या धाग्याला जर घालून सगळं अंग चमकतं, सोनेरी किंवा रुपेरी. तेव्हा ती चांदीच्या रंगाची साडीसुद्धा चंदेरीची असू शकते. नुसत्या रंगावरून तिला बाद करू नका. पण टिशू झाली तरी चंदेरी जड नसते हो. वर बुट्टीताईंनी सांगितलंय तसं उलटी करून पाहा, आणि शब्दखूण म्हणतात तशी वही वाचा. मग इथे लिहा, मी वाट बघतो.

---

थोरली:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी आम्ही सगळे आईकडे जमलो. धाकटी, मामा, मामी, मी. पंखा बंद केला, पलंगावर धुतलेली चादर घातली आणि दोन्ही साड्या उलट्या पसरल्या. मामाचं तिकिटं बघायचं भिंग घेतलं.

चांदीच्या रंगाच्या साडीला लांबून दिसत नाहीत अशा बारीक वेली आहेत. उलट बाजूला प्रत्येक पानाशी कातरलेली टोकं. बोटाला टोचतात. मामीनेच पहिल्यांदा बोट फिरवलं आणि स्वतःच म्हणाली, ही यंत्राची आहे. तेव्हा आईला आठवलं, ती मामाच्या लग्नात आजीला मानपानात आली होती, १९८७ ला. आजी ती एकदाच नेसली.

बदामी साडी उलटी केली तर आम्हाला आधी कळेचना की उलटी कुठली. बुट्टीची जर कडेला जाऊन वळलेली भिंगातून स्पष्ट दिसते, प्रत्येक बुट्टीत, अगदी निऱ्यांच्या आत जाणाऱ्या भागातसुद्धा, जिथे कुणी बघणार नाही.

मग वही. धाकटी मोठ्याने वाचत गेली आणि आम्ही ऐकत बसलो. अडीच तास लागले. शब्दखूण, तुमचे खूप आभार, कारण तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही ही वही अशी एकत्र कधी वाचली नसती. १९७१ च्या पानावर आहेर लिहिलाय: "रुपेरी काठाचे जांभळे लुगडे." पुढे एके ठिकाणी "रुपेरी वेष्टणाची अत्तरदाणी." चांदीच्या वस्तूंना सगळीकडे "चांदीचे". चंदेरी हा शब्द सगळ्या वहीत दोनदाच आहे. एकदा त्या वाटणीच्या ओळीत. आणि एकदा बीनाच्या हिशोबात, नोव्हेंबर १९५८, दूध आणि कोळशाच्या मधे: "चंदेरीवाल्यास ५ रु. (राहिले २०)". त्याच्या खाली दर महिन्याला पाच-पाच. मार्चपर्यंत.

माझी आई १९५८ च्या ऑक्टोबरात बीनालाच जन्मली. आई तिथून उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

साडी धाकटीची. मामीने तिच्या हातात दिली.

आता तेवढी घडीची फाट राहिली. तिचं काय करू?

---

मुंगावलीकर:

ताई, चंदेरीवाल्यास पाच रुपये हे वाचून मी मुलाला बोलावून मोठ्याने वाचायला लावलं.

फाट शिवू नका. सुईने शिवली की टाके ओढतात आणि शेजारचे धागे तुटतात. फाटीच्या खाली त्याच रंगाच्या जाळीच्या पातळ कापडाची पट्टी ठेवून, अगदी बारीक रेशमाने, फाटीपासून दूर, घट्ट भागावर टाके घ्यायचे. रफूवाला जुना आणि हाताचा हवा. नेसायचं मनात असेल तर नऊवारीत हा भाग कुठे येतो ते आधी बघा. वीतभर फाट कासोट्याच्या आत जाते का? जात असेल तर पट्टी लावून नेसता येईल.

---

थोरली:

आईने आत्ता अंगावर धरून पाहिलं. जाते.